बेल्ट मुलाचा, लक्ष्य कुणाचं?

कराटे, जुदो, तायक्वांदो, कुठल्याही क्लासची जाहिरात बघा. शिस्त, आत्मविश्वास, एकाग्रता हे तीन शब्द ठरलेलेच असतात. अलीकडे त्यांच्या मागोमाग चौथाही येऊ लागलाय: ध्येयनिश्चिती. आमच्याकडे मुलं ध्येय ठरवायला शिकतात. पालकांना ते पटतंही, कारण पुरावा पोराच्या कमरेला बांधलेला असतो. पांढऱ्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा नारिंगी झाला. ठरवलं, घाम गाळला, मिळवलं. आणखी काय हवं?

पण यात ‘ठरवलं’ कुणी? कुठल्या बेल्टला काय यायला हवं हे शैलीच्या अभ्यासक्रमानं ठरवलं. परीक्षेची तारीख क्लासनं ठरवली. फॉर्म भरला आईनं, फी दिली बाबांनी. मूल त्या दिवशी इस्त्रीचा गणवेश घालून हजर राहिलं आणि शिकवलेलं करून दाखवलं. ते सोपं नसतं, त्यासाठी त्यानं मेहनतही केलेली असते, आणि त्याचं कौतुक व्हायलाच हवं. फक्त दुसऱ्यानं आखलेल्या वाटेवर चालत राहणं आणि आपण कुठे जायचं ते ठरवणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली गोष्ट मुलं शाळेत रोजच करतात. त्यासाठी संध्याकाळी वेगळा क्लास लावायची गरज नाही.

मार्शल आर्टमध्ये दुसरी गोष्ट शिकवण्याची ताकद आहे असं मला वाटतं, आणि ती इतर पुष्कळ खेळांपेक्षा जास्त आहे. पण ती बेल्टमध्ये नसून दोन बेल्टांच्या मधल्या महिन्यांत आहे. त्या महिन्यांत नेमकं काय चालतं याची चौकशी पालक करत नाहीत, आणि बरेच क्लासही त्याकडे फारसं बघत नाहीत. सगळ्यांचं लक्ष पुढच्या रंगाकडे.

या रंगांची गोष्ट तशी फार जुनी नाही. जुदोचे जनक जिगोरो कानो यांनी १८८२ मध्ये टोकियोत कोदोकान ही जुदोची शाळा सुरू केली तेव्हा ते एकवीस वर्षांचे होते. ते पेशानं शिक्षक होते आणि पुढे शिक्षक घडवणाऱ्या संस्थेचे अनेक वर्षं प्रमुख राहिले. जुन्या जपानी युद्धकलांमध्ये गुरू वर्षानुवर्षांनी एखादी सनद देई. मधली वाट कशी चालली आहे हे शिष्याला कळायला फारसा मार्ग नव्हता. कानोंनी ‘गो’ या पटावरच्या खेळातली ‘दान’ ही प्रावीण्याची श्रेणी जुदोत आणली आणि १८८३ मध्ये दोन शिष्यांना पहिली दान दिली. काळा पट्टा त्यानंतर काही वर्षांनी आला. कराटेत गुरू गिचिन फुनाकोशी यांनी हीच पद्धत उचलली आणि १९२४ मध्ये पहिल्या दान श्रेण्या दिल्या. आज दिसणारी पिवळा, नारिंगी, हिरवा, निळा ही रांग रुळली ती युरोपात. पॅरिसमध्ये जुदो शिकवणाऱ्या मिकिनोसुके कावाइशी यांनी १९३० च्या दशकात ती चांगलीच रुजवली. काळ्या पट्ट्यापर्यंतची वाट लांबलचक, तेव्हा मध्ये मध्ये दिसेल अशी काहीतरी खूण असावी, हा त्यामागचा व्यवहारी हिशेब.

तो हिशेब चुकीचा नव्हता. उलट मानसशास्त्रानं पुढे त्याच्या बाजूनं चांगला पुरावा दिला. अल्बर्ट बांडुरा आणि डेल शंक यांचा १९८१ चा एक प्रयोग आहे. वजाबाकीत अगदी कच्ची आणि गणिताचा कंटाळा असलेली सात ते दहा वर्षांची मुलं त्यांनी घेतली. सोडवण्यासाठी सगळ्यांना सारखीच ४२ पानं दिली आणि बैठकी सात ठेवल्या. एका गटाला सुचवलं की दर बैठकीला निदान सहा पानं करायचं बघा. दुसऱ्या गटाला सांगितलं, सातव्या बैठकीअखेर सगळी ४२ पानं होतील असं बघा. हिशेब एकच, फक्त मांडणी वेगळी. सहा पानंवाली मुलं वजाबाकीत पुढे गेली, आपल्याला हे जमतं असा भरवसा त्यांना आला, आणि ज्या गणिताचा कंटाळा होता त्यात गोडीही वाटू लागली. ४२ पानंवाल्यांना त्या लांबच्या लक्ष्याचा काही फायदा झालेला दिसला नाही.

हे वाचून क्लासवाले म्हणतील, मग बरोबरच आहे की, ब्लॅक बेल्ट म्हणजे ४२ पानं आणि मधले रंग म्हणजे सहा-सहा पानं! मला नाही तसं वाटत. आठ वर्षांच्या मुलाला चार-सहा महिने म्हणजे युग वाटतं. पुढचा बेल्ट त्याच्यासाठी अजूनही ४२ पानंच आहे. सहा पानं म्हणजे या आठवड्यात काय, आजच्या तासात काय. ते अभ्यासक्रमात छापलेलं नसतं. ते कुणीतरी त्या मुलासोबत बसून काढावं लागतं.

काता म्हणजे एकट्यानं करायची ठरलेल्या हालचालींची मालिका. शोतोकान या कराटेच्या शैलीतला पहिला काता घ्या, हेइआन शोदान. त्यात २१ हालचाली आहेत. मूल एका जागेवरून सुरुवात करतं, डावीकडे वळतं, उजवीकडे वळतं, मग मधल्या रेषेवर पुढे तीन पावलं टाकत हात वर नेऊन वार अडवतं. पुन्हा दोन्ही बाजू होतात, आणि मग त्याच रेषेवरून उलट दिशेनं तीन पावलं ठोसे मारत येतं. शेवटच्या हालचालीनंतर ते निघालं होतं तिथेच उभं असायला हवं. नवशिकं मूल तसं कधीच उभं नसतं. हात-दीड हात अलीकडेच राहतं. का, तर जाताना दम असतो, पावलं लांब पडतात. परतताना मांड्या भरून आलेल्या असतात, गुडघा वाकत नाही, पाऊल आखूड पडतं.

आता शिकवणारे सर दोन गोष्टी करू शकतात. एक म्हणजे ओरडणं: ‘स्टान्स खाली! अजून खाली!’ बहुतेक ठिकाणी हेच चालतं. दुसरी, सुरुवातीच्या जागेवर खडूनं एक फुली मारायची आणि काता झाल्यावर मुलाला म्हणायचं, खाली बघ. मूल बघतं. फुली पुढे, आपण मागे. ‘कुठे कमी पडलं असेल?’ पहिल्यांदा ते खांदे उडवतं. दोन-तीनदा केल्यावर त्यालाच कळतं की येतानाची पावलं छोटी पडतायत. मग पुढचा प्रश्न, ‘या आठवड्यात काय करशील?’ आणि मूल म्हणतं, ‘येतानाची तीन पावलं जातानाच्या एवढी टाकीन.’

हे झालं लक्ष्य ठरवणं. कमतरता त्यानं स्वतः पाहिली, कारण स्वतः शोधलं, पुढच्या आठवड्याचं काम स्वतःच्या तोंडानं ठरवलं. झालं की नाही हे सांगायला परीक्षक लागणार नाही, फुली सांगेल. ‘मला कराटेत चांगलं व्हायचंय’ हे लक्ष्य नव्हे, ती इच्छा झाली. ‘मला पुढच्या महिन्यात ग्रीन बेल्ट हवा’ हीदेखील थोडी मोठी इच्छाच, त्यातली तारीखही दुसऱ्यानं दिलेली. एडविन लॉक आणि गॅरी लेथम यांनी लक्ष्यांवर अनेक दशकं काम केलं. ‘जमेल तेवढं कर’ असं सांगण्यापेक्षा नेमकं आणि थोडं अवघड लक्ष्य दिलं तर काम चांगलं होतं, आणि सोबत आपण कुठवर आलो हे कळत राहायला हवं, हे त्यातलं सगळ्यांत पक्कं निरीक्षण. कातातल्या त्या फुलीत या सगळ्याची सोय आहे.

सांघिक खेळापेक्षा मार्शल आर्ट या बाबतीत मला उजवं वाटतं ते याचमुळे. सामना जिंकला तर मुलाला वाटतं आपण छान खेळलो. खरं तर त्या दिवशी समोरचा संघ लेचापेचा असतो. हरलं तर वाटतं आपण वाईट. काता वर्षभर तोच असतो. गडी बदलत नाहीत, मैदान बदलत नाही, नशिबाचा भाग जवळजवळ नसतो. मागच्या महिन्यातला मी आणि आजचा मी एवढीच तुलना उरते. जुदोत पडायला शिकतात तेही तसंच. हनुवटी छातीला टेकली की नाही, हात वेळेवर मॅटवर आपटला की नाही, याचा निकाल मानेला आणि पाठीला लगेच कळतो.

अर्थात हे सगळं आपोआप होत नाही. रांगेत तीस मुलं, समोर एक सर, आणि तासभर मोठ्यानं ‘इची, नी, सान’ (जपानीत एक, दोन, तीन), या पद्धतीनं मूल घाम गाळायला शिकतं, सांगितलेलं ऐकायला शिकतं. ठरवायला नाही शिकत. उलट आपलं ठरवणारा कुणीतरी समोर उभा असतो, अशी सवय लागते.

मग परीक्षेचं काय? परीक्षा हवी, असंच मी म्हणेन. पण ती खरी हवी, म्हणजे तिच्यात नापास होता यायला हवं. आज अनेक ठिकाणी ग्रेडिंग ही दर तीन महिन्यांनी येणारी एक घरगुती समारंभाची संध्याकाळ झाली आहे. जेवढे फॉर्म तेवढे बेल्ट. एखादं मूल काता मध्येच विसरतं, परीक्षक मान डोलावून पुढे जातात, शेवटी फोटोत त्यालाही नवा रंग. कुणालाच वाईट वाटत नाही. क्लासचं अर्थकारण त्यावर चालतं हे उघड आहे, आणि त्यासाठी मी एकट्या क्लासवाल्यांना दोष देणार नाही. ज्या क्लासात मुलाला ‘अजून नाही’ म्हणतात त्या क्लासातून मूल काढून शेजारच्या क्लासात घालणारे पालक ढीगभर असतात. फी भरली म्हणजे बेल्ट विकत घेतला, असा एक अलिखित करार होऊन बसलाय.

यातून मूल काय शिकतं? वाट बघायला शिकतं. तीन महिने गेले की रंग बदलतो, मध्ये काही केलं काय आणि नाही काय. मुलं आपण समजतो त्यापेक्षा चाणाक्ष असतात. आपला काता बिघडला होता आणि तरी बेल्ट मिळाला, हे त्यांना पक्कं ठाऊक असतं. त्या बेल्टबद्दल घरी सगळे टाळ्या वाजवत असताना मुलाच्या चेहऱ्यावर जो गोंधळ असतो तो निरखून बघावा.

‘अजून नाही’ हे नीट सांगितलं तर ते शिक्षा राहत नाही. ‘तुझी पावलं परतताना आखूड पडतायत आणि तिसरं वळण डळमळतंय, एवढं दोन महिन्यांत करून दाखव’ असं म्हटलं की नापास होणंच पुढची सहा पानं आखून देतं. नुसतं ‘नापास’ म्हणून घरी पाठवलं तर मात्र ते मूल परत येणार नाही, आणि त्यात त्याची चूक नसेल.

बक्षिसाचा प्रश्न थोडा वेगळा आहे. १९७३ मध्ये मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला होता. चित्रं काढायला आवडणाऱ्या काही मुलांना आधीच कबूल केलं की चित्र काढलंत तर छान प्रमाणपत्र मिळेल. त्यांना ते मिळालंही. पुढे मोकळ्या वेळात हीच मुलं चित्रांकडे आधीपेक्षा कमी वळू लागली. ज्यांना न सांगता अचानक प्रमाणपत्र दिलं होतं त्यांची गोडी कमी झाली नाही. बेल्ट हे कबूल केलेलं बक्षीस आहे. ‘नीट सराव कर, मग बेल्ट मिळेल’ असं रोज ऐकणाऱ्या मुलासाठी सराव हळूहळू बेल्टची किंमत बनतो. ती चुकवली की विषय संपला. म्हणून घरात बेल्टबद्दल जितकं कमी बोललं जाईल तितकं बरं, असं माझं मत झालंय. ‘पुढचा बेल्ट कधी?’ याऐवजी ‘या आठवड्यात काय चाललंय?’ असं विचारून बघावं. मूल सांगू शकलं तर क्लास चांगला आहे. ‘काही नाही, नेहमीचंच’ म्हणालं तर एकदा जाऊन सरांशी बोलावं.

बेल्ट नसतील तर सगळं सुरळीत होईल असंही नाही. बॉक्सिंगमध्ये आणि कुस्तीत शिकाऊ मुलांना रंगीत पट्टे नसतात. तिथे रंगाची जागा पटकन पदक घेते, आणि पदकाचं खूळ बेल्टपेक्षा वाईट. जुदोच्या माहेरीच याचा धडा मिळाला. जपानच्या जुदो महासंघानं २०२२ मध्ये प्राथमिक शाळेतल्या मुलांची राष्ट्रीय वैयक्तिक स्पर्धा बंद केली. कारण दिलं ते असं की जिंकण्याचाच ध्यास अति झालाय. वजनगटात बसवण्यासाठी प्रशिक्षक वाढत्या वयाच्या मुलांना वजन उतरवायला लावत होते, प्रेक्षकांतून पालक पंचांवर आणि प्रतिस्पर्धी मुलांवर ओरडत होते. त्या निर्णयावर तिथे वादही झाला. मोठ्या स्पर्धेचं स्वप्न मुलांना सरावाला बळ देतं, ते का काढून घेता, असं म्हणणारे होते. त्यांचा मुद्दा पोकळ नाही. पण दहा-अकरा वर्षांच्या मुलाला राष्ट्रीय पदकासाठी जेवण तोडायला लावलं जातं तेव्हा ते स्वप्न कुणाचं हे न विचारता कळतं. माझ्या मते महासंघानं बरोबर केलं.

लहान वयाचं भान काही संघटनांनी नियमांतच ठेवलंय. ब्राझिलियन जिउ-जित्सूच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नियमांनुसार सोळा वर्षांखालच्या मुलांसाठी करडा, पिवळा, नारिंगी, हिरवा असे वेगळे पट्टे आहेत. निळा सोळाव्या वर्षापासून, काळा एकोणिसाव्या वर्षाआधी नाही. तायक्वांदोत कुक्कीवॉन ही मुख्य संस्था पंधरा वर्षांखालच्या मुलांना दानऐवजी ‘पूम’ ही वेगळी श्रेणी देते. सात वर्षांच्या पोराच्या कमरेला काळा पट्टा बघून हौस वाटते खरी, पण पुढच्या दहा वर्षांत त्यानं काय ठरवायचं?

मार्शल आर्टनं मुलं सुधारतात का, या मोठ्या प्रश्नाचं सरळ उत्तर संशोधनात मिळत नाही, आणि जाहिराती ते मिळाल्यासारखं बोलतात. मायकेल ट्रूल्सन यांनी १९८६ मध्ये गुन्हेगारीकडे वळलेल्या किशोरांचे तीन गट केले. एका गटाला सहा महिने पारंपरिक तायक्वांदो दिलं: आदर, ध्यान, ठरलेल्या हालचालींचे आकृतिबंध यांसकट. दुसऱ्याला नुसतं लढणं. तिसऱ्याला इतर व्यायाम. पहिल्या गटाची आक्रमकता कमी झाली, दुसऱ्याची वाढली. अभ्यास छोटा होता, पण निकाल विसरण्यासारखा नाही. नॉर्वेत एंड्रेसन आणि ओल्वेयस यांनी २००५ मध्ये मांडलं की बॉक्सिंग, कुस्ती, वेटलिफ्टिंग, मार्शल आर्ट अशा ताकदीच्या खेळांत उतरलेल्या मुलग्यांमध्ये खेळाबाहेरचं दांडगाईचं वर्तन वाढलं. म्हणजे नुसता गणवेश घालून भागत नाही. त्या तासात काय शिकवलं जातं त्यावर सगळं अवलंबून.

या संदर्भात मला सगळ्यांत मोलाचा वाटतो तो किंबर्ली लेक्स आणि विल्यम हॉइट यांचा २००४ चा अभ्यास. एका शाळेतल्या दोनशेवर मुलांपैकी काहींना तीन महिने तायक्वांदोवर आधारलेले तास दिले आणि बाकीच्यांना नेहमीचा शारीरिक शिक्षणाचा तास. तायक्वांदोच्या गटात स्वतःवरचा ताबा आणि वर्गातली वागणूक जास्त सुधारली, आणि तोंडी गणितातही फरक दिसला. मुलग्यांना फायदा मुलींपेक्षा जास्त झाला. आकडे बाजूला ठेवले तरी त्या तासातली एक गोष्ट लक्षात ठेवावी. मुलांना स्वतःला तीन प्रश्न विचारायला शिकवलं होतं: मी कुठे आहे? मी काय करतोय? मी काय करायला हवं? किक कितव्या उंचीवर जाते यापेक्षा हे तीन प्रश्न मला जास्त कामाचे वाटतात. खडूच्या फुलीपाशी उभं राहून खाली बघणारं मूल हेच तीन प्रश्न विचारत असतं. आणि ते विचारायला कमरेला कुठला रंग आहे यानं काही फरक पडत नाही.

शाळांनी मार्शल आर्ट आणावं की नाही, यावर अधूनमधून चर्चा होते. आणावं, माझी हरकत नाही. पण बेल्ट परीक्षांची यंत्रणा सोबत आणू नये. मुलांच्या गुणपत्रिकेत आणखी एक रकाना वाढेल, एवढंच त्यातून निघेल. वर्गात वीस-बावीसपेक्षा जास्त मुलं नकोत, दर आठवड्याला प्रत्येकानं स्वतःचं एक काम ठरवून सांगावं, आणि पुढच्या आठवड्यात ते झालं का हे त्यानंच बघावं, एवढी सोय करता येत असेल तरच आणावं. नाहीतर आहे तो पीटीचा तास बरा, त्यात निदान मुलं मोकळी पळतात.

राहिला सोडण्याचा प्रश्न. तो पालक फार मनाला लावून घेतात. ब्राउन बेल्टवर येऊन मूल म्हणतं, मला आता नाही जायचं. घरात हाहाकार. ‘एवढी वर्षं घातली, आता ब्लॅक बेल्ट तरी पूर्ण कर.’ पण ज्या मुलाला लक्ष्य ठरवायला शिकवायचं म्हणून क्लासला घातलं, त्याला लक्ष्य बदलायचा अधिकार नाही का? कंटाळ्यानं, आळसानं, एका वाईट परीक्षेनंतर सोडणं वेगळं, तिथे थोडा आग्रह हवाच. मी म्हणेन, आधी ठरवलेलं एखादं छोटं काम पुरं करायला सांगावं, मग पुन्हा विचारावं. तेव्हाही उत्तर तेच आलं आणि त्याला त्याचं कारण सांगता आलं, तर जाऊ द्यावं. उलट प्रकारही प्रशिक्षकांना चांगलाच ठाऊक असतो: ब्लॅक बेल्ट मिळाला आणि पुढच्या आठवड्यापासून मूल दिसेनासं झालं. सर खट्टू होतात, शिकवण्यासारखं खरं आत्ता कुठे सुरू होणार होतं म्हणतात. त्यांचं खरं आहे. पण आठ वर्षं त्या मुलाला रोज तोच एक बेल्ट दाखवला असेल, तर तो मिळाल्यावर त्यानं थांबायचं ठरवलं यात त्याचं काय चुकलं?